शाळेत मिळणाऱ्या जेवणाचा गरीब मुलांना खरंच उपयोग होतो का? त्यापेक्षा घरी धान्य दिलेलं बरं नाही का?

होतो, आणि धान्य देऊन पाहिलेलं आहे. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत मुलाला महिन्याला ३ किलो धान्य घरी मिळायचं. घरात खाणारी तोंडं पाच-सहा, मग त्या मुलाच्या ताटात त्यातलं किती पडणार? २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला. माझ्या मते या योजनेतलं सगळ्यात मोठं वळण हेच.

आज निकष असा: पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं; सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम. तांदूळ केंद्राकडून येतो. आपल्याकडे बऱ्याच गावांत बचत गटाच्या बायका खिचडी किंवा आमटी-भात रांधतात. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसतात, हा फायदा कॅलरीत मोजता येत नाही.

उणिवा आहेतच. स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी केंद्राने २००९मध्ये धरलेलं मानधन महिना १००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. राज्यं त्यात भर घालतात, पण ज्या हातांवर सगळं उभं आहे त्यांना एवढंच मिळावं हे मला लाजिरवाणं वाटतं. शिवाय मे महिन्यात शाळा बंद की जेवणही बंद. दुष्काळी भागात सुट्टीतही जेवण द्या, असं न्यायालयाने २००४मध्येच सांगितलंय. तुमच्या तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना याबद्दल जरूर विचारा.