'नामधारी राजा' की 'औपचारिक राजा'?

प्रश्न असा आहे: बेल्जियमच्या राजाबद्दल मराठीत लिहिताना 'नामधारी राजा' म्हणावं की 'औपचारिक राजा'? दोन्हींचा अर्थ एकच ना?

एकच नाही. बेल्जियमच्या बाबतीत तर 'नामधारी' मला साफ चुकीचा वाटतो. नामधारी म्हणजे नाव तेवढं त्याचं, कारभार दुसऱ्याच्या हाती. १७४९ साली शाहू महाराज गेले, त्यानंतरच्या साताऱ्याच्या छत्रपतींबद्दल हा शब्द नेहमी वाचायला मिळतो. हक्काचं होतं ते गेलं, अशी हळहळ त्याला चिकटलेली आहे. बेल्जियमच्या राजाचे अधिकार मुळातच घटनेने आखून दिलेले, आणि त्या चौकटीत त्याला करण्यासारखं खरंखुरं काम आहे.

जून २०१० च्या निवडणुकीनंतर तिथल्या डचभाषक आणि फ्रेंचभाषक पक्षांचं काही केल्या जमेना. सरकार यायला ५४१ दिवस लागले. त्या काळात राजे आल्बर्ट दुसरे एकामागून एक माणसं नेमत राहिले आणि पदाचं नाव बदलत राहिलं: कधी चाचपणी करणारा, कधी मध्यस्थ, कधी खुलासा करणारा, कधी समेट घडवणारा, शेवटी सरकार जुळवणारा. मराठी शब्द माझे, पण ही तिथली खरीखुरी पदनामं होती. शब्दांची आवड असणाऱ्याने त्यांच्याकडे जरूर पाहावं. बोलणी जिथे अडली असतील, तिथलं नाव!

यातली चाचपणी आणि खुलासा ही दोन कामं बार्ट डी वेवर यांच्याकडे आली. त्यांच्या पक्षाला फ्लँडर्स, म्हणजे बेल्जियमचा डचभाषक भाग, वेगळा हवा आणि राजेशाही नको. तरी राजाने बोलावल्यावर ते गेले आणि काम पत्करलं. विरोधी पक्षाच्या नेत्याने असं काम सोपवलं असतं तर घेणं अवघड होतं. राजाकडून घेण्यात कुणाला कमीपणा येत नाही. शिवाय राजाशी झालेलं बोलणं बाहेर सांगायचं नाही, हा तिथला संकेत. तोडगा अखेर पक्षांनीच काढला, हेही खरं. पण तोवर बोलणी पार तुटू नयेत म्हणून कुणीतरी पक्षाबाहेरचं लागतं.

आता 'औपचारिक'. 'औपचारिकता उरकली' म्हणताना आपण तो पोकळ करून टाकला आहे. मूळ शब्द 'उपचार'; त्यात जवळ जाणं आहे, सेवा आहे. षोडशोपचारांत तोच, औषधोपचारातही तोच. म्हणून मला 'औपचारिक' चालतो, फक्त त्याच्यामागे 'केवळ' लावू नये. शेजारच्या नेदरलँड्समध्ये असा मध्यस्थ नेमण्याचं काम २०१२ पासून संसदेने स्वतःकडे घेतलं. तिथल्या राजाला 'केवळ औपचारिक' म्हटलं तर ते बरंच जवळ जातं. बातमीत एकच शब्द हवा असेल तर 'घटनात्मक राजा' लिहावं.

जाता जाता एक. त्याचं अधिकृत बिरुद 'बेल्जियमचा राजा' असं नसून 'बेल्जियनांचा राजा' असं आहे, भूमीचा न म्हणता माणसांचा. २१ जुलै २०१३ ला राजे फिलिप यांनी शपथ घेतली तीही डच, फ्रेंच आणि जर्मन अशा तिन्ही भाषांत. भाषांतर करताना ते 'नांचा' तेवढं गाळू नका.