मिरगीच्या फिटमध्ये हृदय बंद पडू शकतं का?

तुम्ही विचारलंय: भाऊ २३ वर्षांचा, नागपुरात रूम करून एकटा राहतो, महिन्याला एखादी मोठी फिट झोपेत येते, मेंदूच्या डॉक्टरांनी ईसीजी कशाला सांगितला, फिटने हृदयही बंद पडतं का?

पडू शकतं. मिरगी असलेल्या प्रौढांत वर्षाला साधारण हजारात एकाचा असा अचानक मृत्यू होतो. पण वर्षाला तीन किंवा जास्त मोठ्या फिट आल्या तर धोका अशा फिट नसणाऱ्यांच्या सुमारे १५ पट. त्यात रात्र आणि एकटेपणा, म्हणून ही चिंता खरी आहे.

हृदयावर हुकूम चालवणाऱ्या मेंदूच्या भागांपर्यंत फिट पसरली की अ‍ॅड्रेनलिन उसळतं, नाडी १५० च्याही वर जाते. त्याच वेळी छाती आखडलेली, ऑक्सिजन घसरलेला. निरोगी हृदय हे बहुतेकदा सोसतं. पण क्यूटी (ईसीजीवर दिसणारा, प्रत्येक ठोक्यात हृदयाचे खालचे कप्पे विजेने चेतून पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) आधीच लांबलेला असेल तर हे कप्पे नुसते थरथरू लागू शकतात. कधी फिटमध्ये ठोके काही सेकंद थांबतात, पण सहसा आपोआप सुरू होतात. घात होतो तो फिट संपल्यावर. व्हिडिओ-ईईजी (मेंदूच्या लहरींची नोंद आणि सोबत चित्रीकरण) चालू असताना झालेल्या मृत्यूंत क्रम बहुधा असा: झटके थांबले, श्वास जोरात चालला, मग बंद पडला, त्यामागून हृदय. बहुतेक जण पालथे होते.

म्हणून झटके थांबले की लगेच कुशीवर वळवा, तोंड-नाक मोकळं ठेवा, दहा मिनिटं तरी श्वास बघत बसा. चप्पल-कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. फिट पाच मिनिटांवर गेली तर १०८. श्वास नसेल किंवा नुसते आचके असतील तर १०८ लावा आणि छाती दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटीमीटर खोल.

ईसीजीचं आणखी एक कारण. लाँग क्यूटीत, म्हणजे क्यूटी लांबण्याच्या आजारात, ठोके बिघडून माणूस कोसळतो, झटकेही येतात, आणि मिरगी समजून वर्षानुवर्षं मिरगीच्याच गोळ्या चालतात! पळताना किंवा अलार्मने दचकून शुद्ध गेली असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना सांगा. १२ लीडचा ईसीजी नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत कुठेही निघतो. क्यूटीसी (नाडीच्या वेगाचा हिशोब धरून काढलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांवर आला तर त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे. क्यूटी लांब असताना अ‍ॅझिथ्रोमायसिन, ऑन्डनसेट्रॉनसारखी औषधं मेडिकल स्टोअरमधून परस्पर घ्यायची नाहीत.

मिरगीच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. आणि महिन्याला एक फिट ‘चालायचंच’ म्हणून सोडू नका. औषध बदलायचं की वाढवायचं, हे पुढच्या भेटीत विचाराच. तोवर रूममध्ये सोबतीला कुणीतरी झोपेल असं बघा.