चौदा महिन्यांच्या मुलाला शाळेत घालेपर्यंत गावी आजी-आजोबांकडे ठेवलं तर त्याच्या वाढीवर परिणाम होतो का?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. "लहान आहे, त्याला काय कळतंय, मोठेपणी आठवणारही नाही." हेच वाक्य आमच्या लालबागच्या खोलीत 1982 च्या मे महिन्यात बोललं गेलं होतं. मी सहा वर्षांची, मोरीच्या कट्ट्याला टेकून ऐकत होते. ज्याच्याविषयी बोलणं चाललं होतं तो माझा भाऊ दीड वर्षाचा, आईच्या मांडीवर झोपलेला.

तुम्ही लिहिलंय की भांडुपला राहता, दोघांच्या नोकऱ्या, सांभाळायला ठेवलेली बाई टिकत नाही, पाळणाघराची भीती वाटते, आणि सासू-सासरे म्हणतात साताऱ्याकडे गावी पाठवा, साडेतीन वर्षांचा झाला की घेऊन जा. ताई, नका पाठवू. का ते सांगायला मला आमच्या घरातलं सांगावं लागेल.

माझे बाबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. पहिले दोन महिने बाबा घरी असतात म्हणून आम्हा मुलांना मजा वाटायची. मग वाण्याने उधारी बंद केली. मग आईची बोरमाळ गेली, मग पितळेची भांडी मोडीत गेली. आई दादरला दोन घरी पोळ्या लाटायला जायला लागली. सकाळी सहाला निघायची, दुपारी यायची, संध्याकाळी परत जायची.

मोठे काका आले आणि त्यांनी निकाल दिला. धाकट्याला गावी सोड, तिथे दूधदुभतं आहे, हवा आहे. पोरगी राहू दे इथेच, तिची शाळा आहे आणि नळावर पाण्याला उपयोगी पडते.

कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. गिरणगावात अर्धं घर मुंबईत आणि अर्धं गावी ही रीतच होती. बाप्ये माणसं एकेका खोलीत दहा-बारा जण पाळीप्रमाणे झोपायची, खानावळीत जेवायची, आणि बायकामुलं गावाला. कोणाचं मूल आजीकडे, कोणाचं मामाकडे. सगळ्यांच्याच घरी तसं असलं की कोणी त्याला दुखणं म्हणत नाही. आईला रडू आलं तर बायका म्हणायच्या, अगं तुझ्याच सासूकडे आहे ना, परक्याकडे थोडाच ठेवलायस.

परळहून एस.टी.ने आई त्याला घेऊन गेली. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण मार्गावर 1998 ला धावली. एक रात्र आणि वर अर्धा दिवस असा प्रवास. आई गावी तीन दिवस राहिली. निघायच्या दिवशी आजीने त्याला वासरू दाखवायला गोठ्यात नेलं आणि आई मागच्या वाटेने निघून गेली. "बघितलं तर रडेल," असं सगळ्यांचं मत. आईने हे मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही मी स्वतः आई झाल्यावर. चार वर्षांत ती त्याला दोनदा भेटली. भाड्यालाच पैसे नसायचे.

1986 च्या मेमध्ये त्याला पहिलीत घालायचं म्हणून आणलं. साडेपाच वर्षांचा मुलगा दारात उभा. आई पुढे झाली तर तो म्हणाला, "वैनी, पाणी." गावी धाकटे काका आईला वैनी म्हणायचे, त्याने तेच ऐकलेलं. आजीला तो "आये" म्हणायचा. आईने पाणी दिलं. माझ्या डोळ्यांसमोर आजही तो स्टीलचा पेला आहे, कारण आईच्या हाताची थरथर त्या पाण्यावर दिसत होती.

पहिला महिनाभर तो दाराशी झोपला. कपड्यांची पिशवी उशाला. रात्री एकदा मला म्हणाला, "माका आयेकडे जावचा आसा." त्यानंतर ते वाक्यही बंद झालं. शाळेत मालवणीला मुलं हसली, तेव्हा बोलणंच कमी झालं. रडला नाही, हट्ट केला नाही, दिलं ते खाल्लं. सगळी चाळ म्हणायची, काय गुणी पोर आहे!

गुणी नव्हतं ताई ते. मी गेली 21 वर्षं बालवाडीत शिकवते. मधल्या काळात बाहेरून मानसशास्त्रात एम.ए. केलं, खरं सांगायचं तर भावाचं काय झालं ते समजून घ्यायलाच. मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर आईपासून लांब राहिलेली लहान मुलं जवळून पाहिली, त्यात बरीचशी रुग्णालयात ठेवलेली. त्यांना तीन टप्पे दिसले. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि मग अलिप्त होतं. हा तिसरा टप्पा आला की मोठ्यांना वाटतं मूल रुळलं. आई परत आली तरी ते तिच्याकडे धावत नाही, तोंड फिरवतं. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

"आठवणार नाही" हे अर्धंच खरं आहे. भावाला गोठा आठवत नाही, वासरू आठवत नाही, आई गेलेली आठवत नाही. पण कोणी न सांगता उठून बाहेर गेलं की आज पंचेचाळिसाव्या वर्षीही त्याचा चेहरा बदलतो.

आता मोठ्या काकांचं म्हणणं. ते आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि अजून प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत म्हणतात, "काय वाईट झालं त्याचं? इंजिनिअर झाला ना? गावच्या दुधावर वाढला म्हणून." काकांपुढे आजवर मी गप्प राहिले. इथे मांडते. तो इंजिनिअर झाला तो स्वतःच्या डोक्याने. मूल कसं वाढलं हे पगारावरून ठरवायची ही आपली सवयच चुकीची आहे. तो आईच्या शेवटच्या आजारपणात रोज आला, औषधं आणली, बिलं भरली, आणि एकदाही तिच्या पलंगावर बसला नाही. खुर्ची ओढून बसायचा. हे कुठल्या गुणपत्रिकेत येतं?

आणि माझं? आई-बाबा तेच, संप तोच, उपासमार तीच. मी का नाही दाराशी झोपले? मला दहा नंबरवाल्या काकी होत्या. काकी घाटावरच्या, आम्ही कोकणातले, जात वेगळी, नातं काही नाही. विधवा बाई, गॅलरीत बसून गजरे ओवायच्या. आई सकाळी सहाला मला झोपेतच त्यांच्या खोलीत ठेवून जायची. मी चार-चार कळ्या मोजून त्यांच्या हातात द्यायची, त्या गाठ मारायच्या. आकडे मी शाळेपेक्षा मोगऱ्याच्या कळ्यांवर जास्त शिकले. वेणी घालताना केस ओढले की मी ओरडायची आणि त्या म्हणायच्या, "ओरड, पण मान हलवू नको." दहा बाय बाराच्या खोलीत तीन जणांच्या पोटाला एक भाकरी कमी असायची, पण संध्याकाळी आई येणार हे मला पक्कं ठाऊक असायचं. आणि आली नाही तर काकी आहेत, हेही.

हवाई बेटांतल्या कौआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयाच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण अशा खूप अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, आत्मविश्वासू, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्यात सारखं काय होतं, तर निदान एक तरी कायम पाठीशी असलेलं मोठं माणूस. ते आईच असायला हवं असं नाही. आजी, शेजारीण, शिक्षिका, कोणीही.

काका हे वाचतील तर म्हणतील, मग आजी होतीच की! होतीच. माझी आजी जीव लावणारी होती, तिच्याविषयी मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण मग साडेपाच वर्षांच्या पोराला त्या आजीकडून एका दिवसात उचलून का आणलं? त्याच्यापासून आई दोनदा तुटली. दीड वर्षाचा असताना एक, साडेपाचला दुसरी. दुसरी वेळ जास्त लागली असं मला वाटतं, कारण तेव्हा त्याला बोलता येत होतं आणि तरी कोणी विचारलं नाही. ताई, तुमच्या बेतात हे दुसरं तुटणं आधीच धरलेलं आहे. साडेतीन वर्षांचा झाल्यावर तुम्ही त्याला "घरी" आणणार, तेव्हा त्याचं घर साताऱ्याकडे असेल.

भावाचं म्हणणं वेगळं. त्याला वाटतं आईने निवड केली, ताईला ठेवलं आणि मला दिलं. तीस वर्षं आमच्यात हा विषय निघाला की एक जण उठून जातो. आईने निवड केली नाही रे. निवड करायला हातात काही असावं लागतं. युरी ब्रॉनफेनब्रेनर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं की मूल ज्या ठिकाणी कधी पाऊलही ठेवत नाही, उदाहरणार्थ बापाची कामाची जागा, तिथल्या घडामोडीही त्याला घडवतात. आमच्या घरात ती जागा म्हणजे साचेखातं. गिरणीचा भोंगा थांबला आणि पाच महिन्यांत एक मूल आईच्या मांडीवरून उचललं गेलं. यात दोष एका बाईच्या माथी मारणं मला कधी पटलं नाही, पटणार नाही.

आई गेल्यावर खोली आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात मनीऑर्डरच्या पोचपावत्या. दर महिन्याला चाळीस रुपये, आजीच्या नावे, एकही महिना चुकलेला नाही. संपाच्या त्या दिवसांत, जेव्हा माझी वही दोन्ही बाजूंनी आणि समासातही भरलेली असायची. पोचपावतीवर आजीचा अंगठा. काही पावत्यांवर त्याच्या शेजारी दुसरा एक ठसा आहे, अगदी चिमुकला, शाई फिस्कटलेला. पोस्टमनने हौसेने उठवून घेतला असेल, किंवा आजीनेच सांगितलं असेल, त्याच्या आईला दिसू दे म्हणून. डबा माझ्याकडे आहे. भावाला सांगितलंय. अजून बघायला आलेला नाही.

आता तुमचं. पाळणाघराची भीती वाटते म्हणता, तर आधी दोन-चार ठिकाणी अचानक जाऊन बसा. खेळणी बघू नका. मूल रडल्यावर किती वेळात कोणी उचलतं, आणि सांभाळणाऱ्या बायका किती महिने टिकतात ते विचारा. दर महिन्याला चेहरे बदलत असतील तर ते पाळणाघर नको. ऑफिसातही विचारा. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. विचारायला बायका लाजतात, लाजू नका. आणि सासू-सासऱ्यांपैकी एक जण आलटून पालटून भांडुपला येऊन राहू शकत असेल तर त्याहून चांगलं काहीच नाही. मूल गावी पाठवण्यापेक्षा आजी मुंबईत आणा. जागा लहान आहे म्हणू नका, आम्ही किती जागेत राहिलो ते वर लिहिलंय.

हे सगळं मी एका घराच्या अनुभवावर बोलतेय हे मान्य. कोणाच्या घरी मारहाण असते, दारू असते, आईच आजारी असते. तिथे मूल आजीकडे असणं हेच त्याचं भाग्य. ज्यांनी आधीच पाठवलंय त्यांनी हे वाचून रातोरात गाडी पकडून मूल उचलून आणू नये, तसं केलंत तर आमच्या घरासारखंच होईल. आजीसकट आणा, महिनाभर तिला राहू दे. आणि परिस्थितीमुळे ज्यांना पाठवावंच लागतं त्यांना मी बोल लावत नाही. माझी आई त्यांच्यातलीच होती.

पाळणाघरात सोडाल तेव्हा पहिले काही दिवस तो रडेल. तिथल्या बाई सांगतील, खेळात गुंतलाय, आता गुपचूप निघा. तसं निघू नका. त्याच्यासमोर उभं राहून सांगा की आई जातेय आणि संध्याकाळी येणार आहे, मग निघा.

माझ्या भावाची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तो तिला एका रात्रीसाठीही कुठे ठेवत नाही, त्यापायी परदेशातल्या कामाच्या दोन संधी त्याने सोडल्या. रोज सकाळी निघताना बूट घालून झाले की दारातून हाक मारतो आणि ती येईपर्यंत थांबतो. "साडेसातला येतो," म्हणतो. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मान हलवते, मग तो जिना उतरतो. ट्रेन लेट असली तर सव्वासातलाच तिला फोन आलेला असतो.