उन्हाळ्यातल्या प्रीकॅल्क्युलससाठी ६,८०० डॉलर?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक वाचक ताई लिहितात: लेक नववीत आहे. यंदा भूमिती आहे आणि तिला बी प्लस मिळतो. शाळेच्या क्रमाने कॅल्क्युलस बारावीत येईल. ओळखीतली बरीच मुलं एक वर्ष पुढे गेली आहेत. दहावीनंतरच्या सुट्टीत प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसआधीचा कोर्स) उरकायचं, अकरावीत बीसी कॅल्क्युलससोबत (कॉलेजच्या पातळीच्या एपी कोर्सांपैकी वरचं कॅल्क्युलस) वर्षभर शिकवणी ठेवायची आणि बारावीत त्याच्याही पुढचं मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस घ्यायचं, या सगळ्यासाठी एक क्लास ६,८०० डॉलर मागतो. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) ५८,००० आहेत. धाकटा सहावीत आहे. दोघांचं मिळून उत्पन्न १,६५,०००. खात्यातून पैसे काढावेत का?

ताई, माझं उत्तर 'नको' असं आहे.

पैसे काढता येतील का, हा प्रश्न आता सोपा झाला आहे. ४ जुलै २०२५च्या कायद्यानंतर ५२९मधून शाळकरी मुलांची शिकवणी आणि एपी परीक्षेची फी भरता येते. मात्र शिकवणारा नात्यातला नसावा आणि त्याची पात्रता कायद्यात बसणारी असावी. ही सवलत केंद्राच्या करातली आहे. राज्याच्या कराचं तुमच्या सीपीएला (कर सल्लागाराला) विचारून घ्या.

पण खात्यातून काढता येतात म्हणून ते पैसे खर्चावेत असं नाही. हेच ६,८०० तीन वर्षं ६ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ८,१०० होतील. त्या बदल्यात हाती काय येतं ते बघू.

प्रवेशाला अवघड अशी दोन विद्यापीठं घ्या: एमआयटी कॅल्क्युलसपर्यंतचं गणित सुचवते, कॅलटेकला कॅल्क्युलस लागतंच. २०२३ मध्ये कॅलटेकने ज्यांच्या शाळेत तो विषय नाही अशा मुलांना खान अकॅडमी या संकेतस्थळाच्या मोफत धड्यांवरून तयारी दाखवायची वाटही दिली. मल्टिव्हेरिएबलची अट दोन्हीकडे नाही. प्रवेशाच्या वेळी शाळेत उपलब्ध असलेलं अवघड ते मुलाने घेतलं का, आणि घेऊन ते पेललं का, हे पाहिलं जातं. यातलं 'पेललं का' मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अर्जासोबत जाणारं शेवटचं पूर्ण वर्ष अकरावीचं असतं. भूमितीत बी प्लस मिळवणारी मुलगी सुट्टीत घाईघाईने केलेल्या प्रीकॅल्क्युलसवर अकरावीत बीसी घेणार, म्हणजे जोखीम तुम्ही नेमकी त्याच वर्षावर ठेवता.

ती जोखीम पैशांचीही आहे. आयव्ही लीग (हार्वर्डसारखी जुनी खासगी विद्यापीठं) किंवा एमआयटीत गुणवत्तेवर शिष्यवृत्ती मिळत नाही, मदत कुटुंबाच्या गरजेप्रमाणे ठरते. एमआयटी आणि हार्वर्डने तर २,००,००० डॉलरपर्यंत उत्पन्न आणि सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन, म्हणजे कॉलेजची शिक्षण फी, माफ केली आहे. तुम्ही त्या मर्यादेत आहात. तिथे प्रवेश मिळाला तर ट्यूशनचा प्रश्न बहुधा सुटेल, पण जादा गणिताने मदतीत एका डॉलरचीही भर पडणार नाही. याउलट गुणवत्तेवर पैसे देणाऱ्या सरकारी विद्यापीठांत शाळेच्या गुणांना मोठं वजन असतं. एका घसरलेल्या ग्रेडमुळे जाणारी रक्कम क्लासच्या फीपेक्षा मोठी असू शकते.

कॉलेजचं क्रेडिट वाचेल, असं क्लासवाले सांगत असतील. बीसीच्या परीक्षेत ५ पैकी ५ मिळाले तर एमआयटी पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते, कॅलटेक एपीसाठी काहीच देत नाही. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत चांगल्या गुणांवर एक-दोन सत्रांचं कॅल्क्युलस सुटतं, हा खरा फायदा. पण तो बारावीत बीसी दिली तरी तितकाच मिळतो, आणि परीक्षेची फी १०० डॉलरच्या आसपास असते.

म्हणून आधी शाळेच्या काउन्सेलरला लेखी विचारा: दहावीत अल्जिब्रा २, अकरावीत ऑनर्स प्रीकॅल्क्युलस केलं तर बारावीत थेट बीसीला बसता येतं का? अनेक शाळांत येतं, कारण एबी या खालच्या पातळीच्या एपी कॅल्क्युलसचा सगळा भाग बीसीत आहेच. बाहेर केलेला कोर्स शाळा धरते का, हेही त्याच पत्रात विचारा. पैसे भरल्यावर नकार आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्या मुलांची सुट्टी वाया गेलेली पाहून फार वाईट वाटतं.

खर्च करायचाच असेल तर दहावीत अल्जिब्रा २ साठी आठवड्याला एक तास शिकवणी लावा. पुढे कॅल्क्युलसमध्ये मुलं अडतात ती बहुतेकदा बीजगणितात. वर्षाला १,५०० डॉलरची मर्यादा घाला. उरलेले खात्यातच राहू द्या. लेकीने वापरले नाहीत तर लाभार्थी बदलून धाकट्याला देता येतील.

माझं 'नको' एकाच गोष्टीने बदलेल. तुमच्या पत्रात ओळखीतली मुलं आहेत, क्लास आहे, खात्यातली शिल्लक आहे. लेकीला काय हवंय, याची एकही ओळ नाही. तिला गणितात खरोखर रमायला होत असेल, तर या सुट्टीत खान अकॅडमीवर अल्जिब्रा २ चे धडे तिचे तिला करू द्या. कुणी मागे न लागता तिने ते ऑगस्टपर्यंत संपवले, तर मला पुन्हा लिहा. मग काउंटी कॉलेजमधल्या (स्थानिक सरकारी कॉलेजमधल्या) कोर्सचा हिशेब आपण मांडू.