डीएनए म्हटलं की एमबीबीएसच कशाला?

नमस्कार. मुलीचे नीटचे दोन अटेम्प्ट झाले, तिसऱ्यासाठी तुम्ही क्लासची फी भरून टाकलीत, आणि मग तिच्या वहीत एक पान सापडलं, डीएनए वापरून कार्बन नॅनोट्यूबवर, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर, सोन्याचे बारीक कण बसवतात त्याबद्दलचं, आणि ती म्हणते मला हेच करायचंय. तुमचा प्रश्न, डीएनए म्हणजे बायोलॉजीच ना, मग एमबीबीएस होऊन नंतर का नाही करता येणार.

खरं सांगू, मला मार्कांची काळजी नाही वाटली. तुमच्या पत्रात 'आम्ही ठरवलंय' चार वेळा आलंय आणि तिचं म्हणणं एका ओळीत, तेही तक्रार म्हणून. 'हल्ली जेवताना कुणाशी बोलत नाही' असं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी तिथेच अडकलो. फी भरायच्या आधी तिला विचारलंत का हो? पत्रावरून तरी वाटत नाही. हे चुकलंय, आणि आधी हेच निस्तरायला हवं.

आता डीएनएचं. या कामातला डीएनए पेशंटचा नसतो, मशीनवर बनवलेला, ऑर्डर देऊन मागवलेला धागा असतो. नॅनोट्यूब नुसत्या पाण्यात टाकल्या तर काजळीसारख्या गोळा होऊन तळाशी बसतात, पण सिंगल स्ट्रँड, म्हणजे एकेरी धाग्याचा डीएनए घालून, भांडं बर्फात ठेवून सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी द्रव घुसळणारं यंत्र, चालवला की पाणी शाईसारखं काळं होतं आणि तसंच राहतं, कारण डीएनएचे बेस, म्हणजे धाग्यावरची 'अक्षरं', नळीला चिकटतात नि फॉस्फेटची बाजू पाण्याकडे राहते. ड्यूपाँट या अमेरिकन केमिकल कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये हे दाखवलं. त्याच धाग्याच्या टोकाला थायॉल, म्हणजे गंधकवाला गट, जोडला की सोन्याचा कण तिथे धरून बसतो, गंधकाचं नि सोन्याचं घट्ट जमतं. ही सगळी केमिस्ट्री आणि फिजिक्स आहे, एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत यातल्या कशालाही कुणी हात लावू देणार नाही.

रस्ता माहितीतलाच आहे, बीएस्सी केमिस्ट्री, जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग नेट किंवा गेट आणि पीएचडी. वेळ लागतो, पगार उशिरा सुरू होतो, हेही तिला आत्ताच सांगा.

क्लासवाल्यांकडे फी परत मागा, जेवढी मिळेल तेवढी. आणि पुढचं पत्र मला तिच्या हातचं हवंय, तुम्ही न वाचता पाठवलेलं. नीटचा स्कोअर नको, ते पान तिनं का उतरवून घेतलं तेवढं लिहू दे.