नागपूर-विदर्भाला स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल संघ पोसता येईल का?

माझ्या मते हो, येईल. एवढ्या लोकसंख्येवर संघ चालणार नाही, असं म्हटलं जातं; लोकसंख्येचं हे कारण मला पटतच नाही. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरमची लोकसंख्या 11 लाखांच्या आसपास होती आणि एकट्या नागपूर शहराची 24 लाखांच्या. तरीही 2016-17 चा आय-लीग (तेव्हाची देशातली अव्वल फुटबॉल लीग) किताब मिझोरमच्या आयझॉल एफसीनं जिंकला, कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालला मागे टाकून!

फरक आहे तो खालच्या बांधणीत. तिथे 2012 मध्ये मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली, सामने स्थानिक केबल वाहिनीवर घरोघरी दिसू लागले, आणि गल्लीतला पोरगा ओळखीचा खेळाडू झाला. संघ त्यातूनच उभा राहिला. आयझॉलनं महागड्या नावांपेक्षा घरच्या पोरांवर भर दिला. छोट्या प्रदेशाला परवडतं ते हेच, कारण क्लबचा सर्वात मोठा खर्च साधारणतः पगारांचाच असतो.

खेळाडू आपल्याकडेही आहेत. नागपूरजवळच्या कामठीत फुटबॉल किती मुरलाय हे नागपूरकराला सांगायला नको. झोपडपट्टीतल्या मुलांना मैदानावर आणणारी विजय बारसेंची चळवळही 2001 पासून इथलीच. अडतं कुठे, तर वर्षभर चालणाऱ्या लीगपाशी. दोन-तीन आठवड्यांच्या स्पर्धांवर कोणाचं घर चालत नाही, म्हणून चांगली पोरं नोकरीच्या मागे लागतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमसारखं 45 हजारांचं स्टेडियमही नको. दिव्यांची सोय असलेलं, शहरातलं पाच-सात हजारांचं मैदान आधी हवं. उन्हाळ्यात दुपारी इथे खेळणार कोण?