‘ताई, माझं पाप मुलींना भोगावं लागेल का?’

समुपदेशक म्हणून एकोणीस वर्षांत हा प्रश्न माझ्यासमोर इतक्यांदा आला आहे, की समोरची बाई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली की मला तो येताना दिसतो. कुणी विचारते, “देव माफ करेल ना?” कुणी म्हणते, “पोलिसांचं काही लफडं होणार नाही ना?” विचारणाऱ्या बहुतेक जणी विवाहित, एका-दोन मुलांच्या आया. कुणाचा गर्भपात गेल्या महिन्यातला, कुणाचा अकरा वर्षांपूर्वीचा.

मंगलची गोष्ट सांगते. नाव खरं नाही, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे आणि लिहायला तिची परवानगी आहे.

मंगल चौतीस वर्षांची. सांगलीकडचं माहेर, सासर पिंपरी-चिंचवडला. नवऱ्याचं भोसरीत छोटं वर्कशॉप, दोन मुली, दहा आणि चार वर्षांच्या. धाकटीनंतर बसवलेली तांबी (कॉपर-टी) अंगावरून जास्त जायला लागलं म्हणून काढली होती. २०२४च्या फेब्रुवारीत दिवस राहिल्याचं कळलं. दोघांनी दोन रात्री बोलून ठरवलं आणि आठव्या आठवड्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिने गोळ्या घेतल्या. शरीराचं सगळं नीट पार पडलं. जुलैत धाकटीला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरल्या. दवाखान्याच्या बाकावर सासूबाई म्हणाल्या, “केलेलं फिरून येतं गं.” तेव्हापासून मंगलची झोप गेली होती.

पहिल्या भेटीत तिने कायद्याचंच विचारलं. “हे गुन्ह्यात येतं का? एसटी स्टँडवर बोर्ड असतो ना, भ्रूणहत्या महापाप.”

तो बोर्ड तिच्यासाठी नव्हताच. गर्भलिंग तपासून मुलगी नको म्हणून केलेल्या गर्भपाताविरुद्धची ती मोहीम. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली, देशपातळीवरचा १९९४चा. मी स्वतः त्या मोहिमेत गावोगाव बोलले आहे आणि लिंगनिवडीला माझा आजही तितकाच ठाम विरोध आहे. पण त्या एका शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या. शिकलेल्या बायकाही मला विचारतात, “पण गर्भपाताला तर बंदी आहे ना?” म्हणून मी ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द वापरणं सोडलं. मी ‘लिंगनिवड’ म्हणते.

भीती अगदीच निराधार नाही, हेही मी तिला सांगितलं. १८६०च्या दंडसंहितेत गर्भपात हा गुन्हा होता आणि नव्या न्याय संहितेतही ते कलम आहेच. त्यातून वाट काढली ती गर्भपाताच्या १९७१च्या कायद्याने. त्याआधी महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने हा प्रश्न अभ्यासला होता, कारण चोरूनमारून केलेल्या उपायांत बायका जीव गमावत होत्या. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या अशा काही स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांच्या मताने. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. गर्भनिरोधक फसलं तर, या तरतुदीत पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते, आता ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आहेत. २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित हा भेदही चालणार नाही असं सांगितलं. आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, दवाखाने मागतात.

मंगलने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे पोलीस येणार नाहीत. पण ताई, कायद्यात बसतं म्हणून पाप नाही, असं थोडंच असतं?”

तिचं बरोबर होतं. ‘हे करता येतं का’ एवढ्याचं उत्तर कायदा देतो. ‘हे करणारी मी कशी बाई आहे’ हा प्रश्न तो सोडवत नाही आणि तिला तर तोच छळत होता. त्या दिवसापासून मी कायदा पाच मिनिटांत सांगते आणि पुढची पंचावन्न मिनिटं ऐकायला ठेवते.

या विषयावरच्या वादात एक बाजू म्हणते खून, दुसरी म्हणते काहीच नव्हतं ते. खुर्चीत बसलेल्या बाईला दोन्ही उपयोगाचे नाहीत. आठ आठवड्यांचा गर्भ राजम्याच्या दाण्याएवढा असतो. तो म्हणजे कडेवरचं मूल नव्हे. आणि तो म्हणजे काहीच नाही, असंही तिच्या मनाला पटत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये सव्वीस आठवड्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं, दोघीही स्त्रियाच, एकमत झालं नव्हतं. एकीला गर्भाच्या हृदयाचे ठोके थांबवण्याचा आदेश देणं पटेना, दुसरीला स्त्रीचा निर्णय मोलाचा वाटला. पुढे मोठ्या पीठाने परवानगी नाकारली. मंगलला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली. “एवढ्या मोठ्या बायकांनाही अवघड गेलं?” म्हणाली.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिने पर्समधून कालनिर्णयचं सप्टेंबरचं पान काढलं, चार घड्या घातलेलं. सरलेल्या दिवसांच्या चौकोनांत दुधाचा हिशोब, एक लिटर, दीड लिटर. २६ तारखेच्या चौकोनात काही लिहिलेलं नव्हतं, फक्त निळ्या पेनाचा ठिपका. “ही तारीख आली असती,” ती म्हणाली. “पितृपंधरवड्यात येते, बघा.” मार्चपासून तिने गोड सोडलं होतं. गादीवर झोपणं सोडलं होतं, चटईवर झोपायची.

“कुणी सांगितलं असं करायला?”

“कुणी नाही. मीच.”

“किती दिवसांची शिक्षा आहे?”

ती गप्प.

“मंगल, कोर्टाने शिक्षा दिली तर तिला शेवटची तारीख असते. तुमच्या शिक्षेला आहे?”

ती रडली नाही. पान परत घडी करून हातात धरून बसली. मग मी डेंग्यूचं विचारलं, “त्या महिन्यात तुमच्या गल्लीत किती मुलांना झाला होता?”

“सहा-सात तरी असतील.”

“त्या सगळ्यांच्या आयांनी गोळ्या घेतल्या होत्या?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. माणसाचं दुःख घटनेतून जितकं येतं, त्याहून जास्त त्या घटनेला त्याने लावलेल्या अर्थातून येतं, या विचारावर माझं सगळं काम उभं आहे. डास चावला ही घटना. ‘माझ्यामुळे’ हा अर्थ.

तरीही गाठ सुटली ती पुढच्या भेटीत, आणि ती माझ्या युक्तिवादाने नाही. गोळ्या घेतल्या तो दिवस सांगा, एवढंच मी म्हटलं होतं. ती सांगत गेली. मोरीत बसून पाणी ओतत होते, पोटात कळा, बाहेर थोरली दार वाजवत होती. शाळेची रिक्षा यायची होती आणि तिला वेणी घालून हवी होती. “तशीच उठले. दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या.”

“मूल नको होतं?”

“नको असं नाही. पुरलं नसतं.”

“पैसा?”

“पैसा पुरवला असता ह्यांनी ओढूनताणून.” बराच वेळ ती रिबीन बांधल्यासारखी बोटं हलवत होती. “मी पुरले नसते, ताई. मीच पुरले नसते.”

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मी काही बोलले नाही. इतके महिने ती स्वतःला स्वार्थी म्हणत होती आणि आता तिच्याच तोंडून बाहेर आलं होतं की तो निर्णय तिने दोन मुलींची आई म्हणून घेतला. त्यानंतर ती रडली, पोटभर. निघताना थांबली. म्हणाली, “एक सांगू? सोनोग्राफीत मुलगी कळली असती ना, तर सासूबाईच म्हणाल्या असत्या, मोकळी हो. ‘मुलगा असता तर’, हे त्यांचं दुखणं आहे.” एवढं स्पष्ट मीही कधी म्हटलं नसतं.

अशा प्रत्येक बाईला मी सांगते, खंत आणि अपराध एक नव्हेत. खंत म्हणजे जे होऊ शकलं नाही त्याचं वाईट वाटणं. ती असू द्या, हळूहळू निवते. अपराधी मन मात्र शिक्षा मागत राहतं आणि ती घरादाराला भोगायला लावतं. चटईवर झोपणारी आई सकाळी चिडचिड करते, हे मंगलनेच मला सांगितलं. पूजा करून, दान देऊन बरं वाटत असेल तर जरूर करा, मी कुणाच्या देवाच्या मध्ये येत नाही. फक्त त्याला शेवटचा दिवस ठरवा. अमेरिकेत सुमारे हजार स्त्रियांचा पाच वर्षं पाठपुरावा करून अभ्यास झाला. त्यात गर्भपातामुळे मनाचं आजारपण वाढल्याचं दिसलं नाही आणि बहुसंख्य स्त्रियांना आपला निर्णय योग्यच वाटत राहिला. पण दोन-तीन आठवडे झोप-जेवण सुटलेलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर हे पापपुण्याचं प्रकरण नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. आणि मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर जिवावर बेतू शकतं.

घरच्यांना माझं सांगणं वेगळं. निर्णय झाल्यावर ‘मुलगा असता तर’ हे वाक्य बोलू नका. आणि ज्या बाईला मूल हवं आहे तिला गर्भ पाडायला भाग पाडणं हे तितकंच चूक, तिथे मी तिच्या बाजूने उभी राहते. पुण्यात १८६३ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, तेव्हा मूल न्यायचं की तिथेच ठेवायचं, हे त्यांनी त्या विधवेच्या खुशीवर सोडलं होतं. ज्या शहरात हे घडलं त्या शहरात मी हे काम करते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नवऱ्याला मी एकदाच बोलावलं. घरी तो म्हणायचा, “सही मी केली, पण निर्णय तुझा होता.” मी त्याला विचारलं, “त्या दोन रात्री तुम्ही काय म्हणाला होता?” खूप वेळाने तो म्हणाला, “मलाही झेपणार नव्हतं.” मंगल त्याच्याकडे बघत होती. हे त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं.

ती शेवटची आली ऑक्टोबरमध्ये. २६ तारीख कशी गेली, मी विचारलं. “गेली. दूध अर्धा लिटर जास्त घेतलं होतं, खीर केली. मीही खाल्ली.” मग पुढे सरकून हळू आवाजात म्हणाली, “ताई, पुरुषांचं ते बिनटाक्याचं करतात ना, त्याला किती दिवस सुट्टी लागते? ह्यांनीच विचारायला सांगितलंय. दिवाळीत वर्कशॉप बंद असतं.”